हार-जीत आली, नियम मागे राहिले

२००० सालच्या मार्च महिन्यात लॉस एंजेलिसजवळच्या एका गोल्फ मैदानावरील दुकानातून एक माणूस लंगडत बाहेर पडला. दुकानातल्या कर्मचाऱ्याला संशय आला आणि त्याने पोलिसांना बोलावले. प्रत्येकी ३९९ डॉलर किमतीच्या तीन गोल्फ स्टिक्स त्या माणसाने पँटच्या पायात लपवल्या होत्या. या चोरीबद्दल त्याला २५ वर्षे ते आजन्म कारावासाची शिक्षा झाली. घरफोडी आणि जबरी चोरीचे जुने गुन्हे त्याच्या नावावर होते, आणि कॅलिफोर्नियात १९९४ पासून तिसऱ्या खेपेला अशी शिक्षा देणारा कायदा लागू होता. २००३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही शिक्षा वैध ठरवली.

हा कायदा ओळखला जातो तो ‘थ्री स्ट्राइक्स अँड यू आर आउट’ या बेसबॉलच्या बोलीने. फलंदाज तीनदा चुकला की बाद, हे अमेरिकेत लहान मुलांनाही ठाऊक असते. पण त्याच खेळात बाद झालेला फलंदाज बाकावर जाऊन बसतो आणि इतरांची पाळी संपली की पुन्हा बॅट घेऊन उभा राहतो. एका सामन्यात त्याला चार-पाच वेळा सहज संधी मिळते. दहांपैकी तीनदा यशस्वी फटका मारणारा फलंदाज तिथे उत्तम गणला जातो. उरलेल्या सात वेळा तो अपयशी ठरणार, हे खेळाने गृहीतच धरलेले असते. कायद्याने बेसबॉलमधून तीनची मोजणी तेवढी उचलली. फिरून येणारी पाळी मैदानावरच राहिली.

कायद्यामागचा संताप खरा होता. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात बारा वर्षांच्या एका मुलीला तिच्या घरातून पळवून नेऊन तिचा खून करण्यात आला; गुन्हेगार आधी शिक्षा भोगून सुटलेला होता. अशा वेळी समाजाला कठोर उपाय हवा असतो, यात नवल नाही. मात्र तो उपाय किती कठोर, कोणासाठी आणि कुठवर, हा विचार करायच्या वेळी एक तयार वाक्प्रचार हाताशी आला. त्याला सिद्ध करावे लागत नव्हते, तो आधीच न्याय्य वाटत होता. तिसरा गुन्हा गंभीर किंवा हिंसक असला पाहिजे, ही दुरुस्ती मतदारांनी केली ती २०१२ मध्ये. तोवर हजारो माणसे या मोजणीखाली तुरुंगात गेली होती.

इंग्रजीचा रोजचा व्यवहार अशा वाक्प्रचारांनी भरलेला आहे. क्रिकेट, मुष्टियुद्ध, घोड्यांच्या शर्यती, शिकार, बेसबॉल, बास्केटबॉल अशा सगळ्या मैदानांवरचे शब्द त्या भाषेच्या संसदेत, न्यायालयात, बाजारात आणि युद्धाच्या नकाशावर जाऊन बसले आहेत. त्यांच्या उगमाच्या कथा रंजक असतात आणि त्या पुष्कळांनी सांगितल्या आहेत. मला त्यांच्या परिणामाबद्दल बोलायचे आहे. खेळ हा मुळात मर्यादांनी घडतो. मैदानाला सीमारेषा असते, वेळेला शेवट असतो, वादाला पंच असतो, आणि हरलेल्याला पुढचा सामना असतो. या मर्यादा आहेत म्हणूनच सभ्य माणसे मैदानावर जीव तोडून एकमेकांविरुद्ध लढू शकतात. खेळाचे शब्द जीवनात येतात तेव्हा बहुतेक वेळा हार-जीत तेवढी येते आणि मर्यादा मागे राहतात. या शब्दांतला धोका हाच आहे.

‘थ्रो इन द टॉवेल’ हा वाक्प्रचार पाहा. इंग्रजीत त्याचा अर्थ हार मानणे, कच खाणे. मुष्टियुद्धाच्या रिंगणात मात्र टॉवेल फेकतो तो खेळाडूच्या बाजूला उभा असलेला त्याचा माणूस, आणि फेकतो तो खेळाडूचा जीव वाचावा म्हणून. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलात मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची तिसरी लढत झाली. असह्य उकाड्यात चौदा फेऱ्या झाल्यावर फ्रेझरचे डोळे इतके सुजले होते की त्याला समोरून येणारे ठोसे दिसत नव्हते. तरीही तो पंधराव्या फेरीसाठी उठायला तयार होता. त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला खाली बसवले आणि लढत थांबवली. पुढे अलीनेही कबूल केले की मरणाच्या इतक्या जवळ आपण कधी गेलो नव्हतो. फच यांनी प्रत्यक्ष टॉवेल फेकला नाही, पण त्या वाक्प्रचाराचा मूळ अर्थ त्यांच्या कृतीत पुरेपूर होता. मुष्टियुद्धाच्या इतिहासात त्या निर्णयाकडे आजही आदराने पाहिले जाते. भाषेने मात्र त्याच कृतीला दुबळेपणाचा शिक्का मारला.

खेळ स्वतः शिकत राहतो, हेही इथे नोंदवायला हवे. १९८२ मध्ये लास वेगासच्या एका लढतीत चौदाव्या फेरीत कोसळलेला कोरियाचा दुक-कू किम काही दिवसांत मरण पावला. त्यानंतर जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने विजेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या. मैदानावरचे नियम असे माणसाच्या बाजूने सरकतात. भाषेत मुरलेला वाक्प्रचार मात्र जिथे होता तिथेच राहतो.

निवडणुकीची गोष्ट आपल्या जास्त जवळची आहे. ब्रिटनमध्ये आणि भारतात लोकसभेला जी मतदानपद्धत चालते तिला ‘फर्स्ट पास्ट द पोस्ट’ म्हणतात. शब्द घोड्यांच्या शर्यतीतला: जो घोडा आधी खांब ओलांडेल तो जिंकला. शर्यतीत खांब एका जागी रोवलेला असतो आणि सगळ्यांना सारखेच अंतर धावावे लागते. निवडणुकीत असा खांबच नाही. कुठे ५५ टक्के मते मिळवणारा निवडून येतो, कुठे बहुरंगी लढतीत ३० टक्क्यांवर काम भागते. शर्यतीत दुसऱ्या-तिसऱ्या घोड्यालाही बक्षीस असते. इथे दुसऱ्याच्या हाती काही लागत नाही. २०१५ मध्ये ब्रिटनच्या युकिप पक्षाला ३८ लाखांहून अधिक मते पडली आणि जागा मिळाली एक. आपल्याकडे २०१४ मध्ये बहुजन समाज पक्षाला देशभरात सुमारे ४ टक्के मते मिळाली आणि लोकसभेत एकही जागा नाही. त्या पक्षांच्या राजकारणाबद्दल कोणाचे काहीही मत असो, त्यांच्या मतदारांना प्रतिनिधित्व का नसावे, हा प्रश्न उरतोच. या पद्धतीच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. ती सोपी आहे, तिच्यामुळे स्थिर सरकार येण्याची शक्यता वाढते, मतदाराला आपला खासदार कोण हे नेमके कळते. हा वाद या मुद्द्यांवर व्हावा. ‘शर्यत आहे, कोणीतरी हरणारच’ एवढ्यावर तो मिटवू नये, कारण मतदार हे कोणाच्या शर्यतीतले घोडे नव्हेत.

मर्यादा सोडून खेळाचे शब्द उचलण्याच्या या सवयीची सर्वांत जबर किंमत युद्धात मोजली गेली. हेन्री न्यूबोल्ट यांची ‘व्हिताई लाम्पादा’ ही कविता शाळेच्या क्रिकेट सामन्यातून थेट वाळवंटातल्या रणभूमीवर जाते आणि दोन्हींकडे एकच वृत्ती हवी असे सांगते. तिच्यावर वाढलेल्या पिढीतली मुले १ जुलै १९१६ रोजी पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या खंदकांत उभी होती. ईस्ट सरे रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे कॅप्टन नेव्हिल यांनी रजेवरून येताना आपल्या तुकड्यांसाठी फुटबॉल आणले होते. त्यांतल्या एकावर युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्याचा मजकूर रंगवलेला होता, असे सांगतात. हल्ल्याची वेळ झाली तेव्हा सैनिक ते फुटबॉल लाथाडत जर्मन खंदकांकडे निघाले. कॅप्टन नेव्हिल त्या सकाळीच मारले गेले. पहिल्यांदा आगीत उतरणाऱ्या पोरांचे मन थाऱ्यावर राहावे, एवढाच त्यांचा हेतू होता आणि त्यांच्या धैर्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. दोष द्यायचा तर तो त्या प्रसंगातून वीरकथा रचून पुढची भरती सोपी करणाऱ्यांना द्यावा लागेल. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याची ५७,४७० माणसे मेली, जखमी झाली किंवा हरवली. १९,२४० जीव गेले. फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटांत संपतो. सोमची लढाई नोव्हेंबरपर्यंत चालली.

तरीही हे शब्द टाकून द्यावेत असे मी म्हणणार नाही. नियमासकट वापरले तर ते सत्तेलाही जाब विचारू शकतात. १२ नोव्हेंबर १९९० रोजी लंडनच्या गिल्डहॉलमध्ये ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी सांगितले, की गोलंदाजी बरीच आक्रमक असली तरी आपण अजून खेळपट्टीवर आहोत आणि चेंडू मैदानभर फटकावणार आहोत. दुसऱ्याच दिवशी, नुकताच राजीनामा दिलेले त्यांचे उपपंतप्रधान जेफ्री हाऊ संसदेत उभे राहिले. युरोपबरोबरच्या वाटाघाटींत अर्थमंत्री आणि बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर यांची काय अवस्था झाली, हे सांगताना ते म्हणाले, की सलामीचे फलंदाज मैदानात पाठवावेत आणि पहिला चेंडू पडताच त्यांना कळावे की बॅटी आधीच मोडलेल्या आहेत, आणि त्या मोडल्या आहेत खुद्द कर्णधाराने. नऊ दिवसांनी थॅचर यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. त्यामागे इतरही कारणे होती, पण त्या भाषणाचा घाव वर्मी लागला हे सर्वमान्य आहे. खेळ एकच, आठवडा एकच. थॅचर यांनी क्रिकेटमधून फटकेबाजी घेतली. हाऊ यांनी कर्णधाराचे कर्तव्य घेतले.

‘लेव्हल प्लेइंग फील्ड’ हा आज जागतिक व्यापारात वारंवार फिरणारा शब्द. सर्वांना सपाट मैदान मिळावे, हे ऐकायला न्याय्य वाटते. पण मुष्टियुद्धात रिंगण सपाट असते तसे वजनगटही असतात. पन्नास किलोच्या माणसाला शंभर किलोच्या माणसासमोर उभे करून ‘मैदान सारखेच आहे’ असे कोणी म्हणत नाही. शर्यतीत तर सरस घोड्याच्या पाठीवर जास्त वजन ठेवण्याची पद्धत आहे. विकसनशील देश जागतिक व्यापार संघटनेत वेगळ्या सवलती मागतात, तेव्हा ते खेळाबाहेरचे काही मागत नसतात. सपाट मैदानाच्या गप्पांत राहून गेलेला वजनगट तेवढा ते मागत असतात. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ४ जून १९६५ रोजी हॉवर्ड विद्यापीठात हाच मुद्दा मांडला. वर्षानुवर्षे साखळदंडांत जखडलेल्या माणसाला सोडवून शर्यतीच्या आरंभरेषेवर उभे करायचे आणि आता तू इतरांशी बरोबरी करायला मोकळा आहेस असे म्हणायचे, याला न्याय म्हणता येत नाही, असे त्यांनी बजावले. त्याच्या कितीतरी आधी, २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापुरात शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीतल्या ५० टक्के जागा राखून ठेवल्या होत्या. कुस्तीला राजाश्रय देणारा, खासबाग मैदान उभारणारा हा राजा. जोड पाहूनच कुस्ती लावायची असते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नसेल.

आपल्या मराठीतही खेळाचे शब्द थोडे नाहीत. आखाडा, डावपेच, चितपट, शड्डू हे जुनेच. त्यांच्या जोडीला गुगली, हॅटट्रिक, क्लीन बोल्ड येऊन बसले. शरद पवार यांच्या राजकारणाच्या बातमीत ‘गुगली’ हटकून येते. त्यांचे सासरे सदू शिंदे भारताचे कसोटी फिरकीपटू होते आणि ते स्वतः आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष होते, त्यामुळे तिथे तो शब्द शोभतोही. मैदानावर गुगली फसवते ती फलंदाजाला, आणि तीही नियमात राहून. राजकारणात रात्रीत पक्ष बदलले, आघाड्या फिरल्या, तर फसतो तो मतदार. त्याला ‘गुगली’ म्हटले की फसवणुकीचे कौशल्य होते आणि वाचक प्रेक्षक होऊन टाळ्या वाजवू लागतो. पाठ मातीला लागली की कुस्ती संपते, हा आखाड्याचा नियमही आपल्या ‘राजकीय आखाड्या’त आलेला नाही. तिथे पडलेल्याच्या घरापर्यंत पाठलाग चालतो. पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत तर बेसबॉल कधी न पाहिलेली मुले ‘बॉलपार्क फिगर’ आणि ‘कर्व्हबॉल’ सहज बोलतात. त्यात वाईट काही नाही. पण माणसे कामावरून काढताना कोणी ‘संघातून वगळले’ म्हणत असेल, तर थांबून ऐकावे. वगळलेल्या खेळाडूला पुढच्या निवडीची आशा असते. ज्याच्या डोक्यावर घराचे हप्ते आहेत त्याला कोणती?

संपादक, वार्ताहर, शिक्षक आणि पुढारी यांच्याकडे माझे एकच मागणे आहे. खेळाचा शब्द जरूर वापरा, पण त्याच्यासोबत त्या खेळाचा नियमही आणा. लढत म्हणत असाल तर पंच कोण ते सांगा. बाद म्हणत असाल तर पुढची पाळी कधी ते सांगा. आणि वाचकांनी, मतदारांनी हे विचारायची सवय लावून घ्यावी. जिथे हरलेल्याला पुन्हा खेळायला मिळत नाही, तिथे खेळाची भाषा वापरू नये.