चढवणे : शेंदूर आणि अध्यास

मराठीत देवाला शेंदूर चढवतात, पितळेवर सोन्याचा मुलामा चढवतात. ‘चढवणे’ हे प्रयोजक क्रियापद आहे आणि त्याला खाली काहीतरी आधीच असावे लागते. संस्कृतातला ‘आरोप’ही ‘रुह्’ म्हणजे चढणे या धातूच्या प्रयोजक रूपातून आला. आजच्या मराठीत त्याचा अर्थ बहुतेक आळ एवढाच उरला आहे. बाहेरचे काही अंगावर घालणे मात्र त्यातही आहेच. वेदान्तातला ‘अध्यारोप’ याच घरातला. त्याचा जोडीदार ‘अध्यास’ हा ‘अस्’ म्हणजे फेकणे यावरून झाला. विद्यापीठातले ‘अध्यासन’ दिसायला त्याचा सख्खा भाऊ, पण त्याचा धातू ‘आस्’, म्हणजे बसणे.

शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्याची सुरुवातच अध्यासाच्या, म्हणजे एका वस्तूवर दुसरीचा भास होण्याच्या, चर्चेने होते. शिंप चांदी भासते, दोरी साप भासते. तसेच देहाचे आणि इंद्रियांचे धर्म आत्म्यावर घातले जातात आणि माणूस सहज म्हणून जातो, ‘मी जाड झालो’, ‘मी बहिरा आहे’. आत्मा डोळ्यांना दिसतच नाही, मग त्यावर काही चढेल कसे, हा आक्षेप रास्त आहे. आचार्य आकाशाचा दाखला देतात : तेही इंद्रियांना दिसत नाही, तरी लोक त्याला निळे म्हणतात.

शेंदराची उपमा इथे अपुरी पडते. तेलात कालवलेला शेंदूर वर्षानुवर्षे लावत गेले की मूर्तीचे नाकडोळे बुजतात, गोलसर गोळा उरतो. वणीच्या सप्तशृंगी देवीवरचे असे शेकडो किलोंचे कवच 2022 साली उतरवले, तेव्हा खालचे कोरीव रूप दिसले. तो थर खरा होता, त्याला वजन होते, तो काढायला हात लागले. दोरीवरच्या सापाला जाडीच नसते. दिवा आणल्यावर खरवडायला काही सापडत नाही. म्हणूनच अध्यास कर्माने जात नाही, ज्ञानानेच जातो, असा शंकराचार्यांचा आग्रह आहे.

रामानुजाचार्यांना हे मान्य नाही. शिंपेत चांदीचा अंश असतोच, म्हणून ती चांदी दिसते, असे ते म्हणतात. आणि हा अध्यास घडवणाऱ्या अविद्येच्या, म्हणजे अज्ञानाच्या, कल्पनेत ते सात दोष काढतात. ज्ञानेश्वर अद्वैतीच, पण ‘अमृतानुभवा’च्या सातव्या प्रकरणात ते अज्ञानाचेच खंडन करतात. मग ‘चढवणे’ या क्रियापदाला कर्ताच उरत नाही.