टिंबक्टू : बाजारपेठ आणि माणसाचे स्वातंत्र्य

पश्चिम आफ्रिकेतील नायजर नदी सहाराच्या कडेला जाऊन भिडते आणि तिथे पूर्वेकडे वळते. या वळणाजवळ, आजच्या माली देशात, टिंबक्टू वसले आहे. शहर नदीपासून काही किलोमीटर आत. होड्या लागत त्या काबारा बंदरात. इ. स. ११०० च्या सुमारास तुआरेग पशुपालकांच्या तळातून टिंबक्टू उभे राहिले. उंटांचे तांडे उत्तरेकडून तघाझाच्या खाणीतल्या मिठाच्या लाद्या आणत, त्या होड्यांतून जेन्ने शहराकडे जात आणि दक्षिणेकडून धान्य व सोने येई. सांकोरे मशिदीभोवती विद्वानांची घराणी नांदत होती, आणि हस्तलिखितांना बाजारात उत्तम भाव मिळे.

याच वाटांनी माणसेही विकली जात. मुसलमानाला गुलाम करता येत नाही, असा इस्लामी धर्मशास्त्राचा दंडक. मग तांड्याबरोबर आलेला काळा माणूस मुसलमान निघाला तर? अनेक व्यापारी काळा रंग हाच गुलामीचा पुरावा मानत आणि नोहाचा मुलगा हाम याला मिळालेल्या शापामुळे त्याचे वंशज काळे आणि गुलाम झाले, ही कथा पुढे करत.

१५९१ मध्ये मोरोक्कोच्या फौजेने टिंबक्टूवर सत्ता असलेले सोंघाई साम्राज्य मोडले. टिंबक्टूचे विद्वान अहमद बाबा कैद होऊन माराकेशला नेले गेले आणि १६०८ मध्ये परतले. पुढे सहारातील तुआत मरूद्यानातून त्यांच्याकडे नेमका हाच प्रश्न आला. १६१५ च्या ‘मिराज अल-सुऊद’ या उत्तरात त्यांनी शापाची कथा साफ नाकारली. रंग हवामानामुळे येतो, हे इतिहासकार इब्न खल्दूनचे मत त्यांनी आधाराला घेतले. गुलामीचे कारण एकच, इस्लाम न मानणे. रंगाचा तिच्याशी संबंध नाही. त्यांनी व्यवहाराचा नियमही सांगितला : आपण मुसलमान मुलखातले आहोत असे बंदिवान म्हणाला, तर त्याचा शब्द ग्राह्य धरावा. एका दंडकाने पुराव्याचा भार विकत घेणाऱ्यावर आला. साखळदंडातल्या माणसाच्या साक्षीला असे वजन देणे ही त्या काळात मोठी गोष्ट होती.

पण त्याच उत्तरात मोसी, डोगोन अशा जमातींची यादी आहे. हे लोक इस्लाम मानत नव्हते, म्हणून त्यांची विक्री वैध ठरली. ते टिंबक्टूच्या दक्षिणेला, नायजरच्या त्याच वळणाच्या आत राहत होते. अहमद बाबांनी रंगाचा आधार काढून घेतला. माणूस विकावा का, हा प्रश्न मात्र त्यांनी विचारलाच नाही.