‘खाजगी’ या शब्दाचा वारसा

वडीलधाऱ्यांची वस्तू वारशाने मिळते. पण त्या वस्तूत त्यांनी लिहून ठेवलेला मजकूरही वारशानेच मिळतो काय? माळव्यात स्थिरावलेल्या आपल्या मराठी घरांना हा प्रश्न अपरिचित नाही. मोडी कागदांच्या ट्रंका आपण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. ते कागद वाचावेत की वाचू नयेत, हा विचार मात्र फारसा झाला नाही, कारण मोडी वाचणारेच घरात उरले नव्हते. आपले अज्ञान हेच त्या कागदांचे कुलूप होते. संगणकाच्या युगात प्रश्नाने आपली बाजू बदलली आहे. आता सारे काही वाचता येते, आणि म्हणूनच काय वाचू नये हे ठरविण्याची वेळ आली आहे.

टावर चौकानजीक राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांच्या निधनानंतर त्यांच्या घरी हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. कुटुंबाच्या संमतीने आणि नावे वगळून तो येथे मांडीत आहोत. या काकांपाशी पाम जातीचा एक जुना हातसंगणक होता. १९९६ साली अमेरिकेत ‘पायलट’ नावाने निघालेल्या यंत्रांच्या कुळातील, १९९८ चे हे ‘पाम-३’. स्मृती अवघी दोन मेगाबाइट. पडद्यावर लेखणीने एका रेघेची सांकेतिक अक्षरे काढावयाची. देवनागरीची सोय नसल्याने काका रोमन अक्षरांत मराठी लिहीत. घरखर्च, पत्ते, औषधांच्या वेळा, मनात आलेले विचार, असे सारे त्यात साठले होते. २०१० साली एचपीने पाम कंपनी विकत घेतली आणि पुढल्याच वर्षी तिची उपकरणे बंद केली, तरी काकांनी यंत्र सोडले नाही.

अशा यंत्राच्या बाबतीत दिरंगाई परवडत नाही. त्याची स्मृती दोन बारीक पेन्सिल सेलांवर तगून असते. सेल उतरले, किंवा बदलताना मिनिटाहून फार अधिक वेळ गेला, तर वर्षानुवर्षांचे लेखन पुसले जाते. म्हणून इंदूरहून पुतण्या आला आणि त्याने घरच्या लिनक्स संगणकावर प्रत उतरविण्याचे ठरविले. जुन्या पाळण्याची तार नऊ पिनांची, नव्या संगणकाला तशी जागाच नाही; मध्ये यूएसबीची जोडतार लावावी लागली. लिनक्सवर ‘पायलट-लिंक’ नावाचा जुना साधनसंच आहे. त्याला आज्ञा द्यावयाची, पाळण्यावरील बटण दाबावयाचे, की एकेक फाईल संगणकात उतरू लागते. आधी संपूर्ण प्रत घ्यावी आणि पुढील सारे काम प्रतीवरच करावे, हा नियम त्याने पाळला.

या स्थलांतरात एक गोष्ट आम्हांला विशेष वाटली. पामच्या फाईलवरील तारीख १ जानेवारी १९०४ पासूनच्या सेकंदांत मोजलेली असते. लिनक्स १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतो. दोन आरंभांत सहासष्ट वर्षांचे अंतर. पण वजाबाकी ठाऊक असली की क्षण जिथल्या तिथे राहतो. उज्जैनच्या मराठी माणसाला यात नवल नाही. घरात शालिवाहन शक आणि दाराबाहेर विक्रम संवत, १३५ चे हे अंतर आपण रोजच ओलांडतो. आपला महिना अमावास्येला संपतो, इथला पौर्णिमेला. म्हणून आपला आषाढ वद्य पक्ष तोच इथला श्रावण कृष्ण पक्ष. श्रावण-भाद्रपदातील सोमवारी निघणाऱ्या महाकाळाच्या सवाऱ्यांत तर दोन्ही रीतींचे श्रावण सामावतात. नियम माहीत असला, म्हणजे काळ एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत न सांडता नेता येतो.

परंतु सर्वच गोष्टी अशा नेता येत नाहीत. पामवरील कोणत्याही टिपणाला ‘खाजगी’ अशी खूण करता येत असे. मग परवलीचा शब्द दिल्याशिवाय ते टिपण पडद्यावर दिसत नसे. मात्र हे लपविणे पडद्यापुरतेच होते. मूळ मजकूर सांकेतिक लिपीत कोंडलेला नसे. टिपणामागे ठेवलेल्या एका बाइटमधील एक बिट तेवढा खाजगीपणाची खूण म्हणून उभा असे. संगणकावर प्रत आली, तेव्हा मजकूर आला, खूणही आली; परवलीच्या शब्दाचा पहारा मात्र मागे राहिला. कुलूप म्हणून जे होते, ते आता केवळ विनंती होऊन समोर होते. काकांच्या शेकडो टिपणांत अशी तीन टिपणे निघाली.

मुलाचे म्हणणे, त्यांत ठेवी किंवा विम्याची माहिती असू शकेल, वाचलेच पाहिजे. मुलीचे म्हणणे, बाबांनी जे झाकले ते उघडण्याचा आपल्याला अधिकार नाही. काकू एवढेच म्हणाल्या, “त्यांनी मला कधी दाखविले नाही आणि मी कधी विचारले नाही.”

मुलाच्या बाजूने आणखी दोन युक्तिवाद करता येतात. पहिला असा की मृताला लाज नाही, दुःख नाही. मग दुखावले जाणार कोण? पण टिपणातील मजकूर लिहिणाऱ्या एकट्याचा नसतो. त्यात ज्यांचा उल्लेख असेल, ती माणसे हयात असू शकतात. शिवाय मरणानंतर आपली विनंती मोडली जाणार हे दिसू लागले, तर आज जिवंत असलेला कोणता माणूस स्वतःशी तरी खरे लिहील? दुसरा युक्तिवाद असा की मजकूर पक्क्या बंदोबस्तात ठेवण्याची काळजी काकांनीच घेतली नाही. परंतु पडदा पातळ आहे म्हणून आत पाहण्याची परवानगी मिळाली, असे कोणी मानीत नाही.

शासकीय सेवेत आम्ही असंख्य नस्त्या हाताळल्या. पाकिटावर ‘गोपनीय’ असा शिक्का असे. त्या शिक्क्याने कागदाला कुलूप लागत नसे, आणि डिंकाने चिकटविलेले पाकीट वाफेवर उघडणे कोणालाही अवघड नव्हते. तरी तुटपुंज्या पगाराचा कारकून ते पाकीट न उघडता वरिष्ठांच्या टेबलापर्यंत नेई. कचेरीचा विश्वास त्या शिक्क्यावर उभा नव्हता, त्या कारकुनाच्या वर्तनावर उभा होता. कुलूप असते, तिथे आपल्या नीतीची परीक्षा होतच नाही. ती होते केवळ विनंती असते तिथे.

कायदा येथे फारसा साहाय्याला येत नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात आपल्या पश्चात हक्क बजावण्यासाठी कोणाला नेमण्याची तरतूदही आहे. पण कोणी आपल्या घरगुती कामासाठी माहिती हाताळत असेल, तर तो कायदा लागू होत नाही. घराच्या उंबऱ्याआत घरानेच न्याय करावयाचा असतो.

तरीही ‘वाचूच नये’ हे उत्तर आम्हांला पुरेसे वाटले नाही. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे, ही आपली जुनी मर्यादा आहे. झाकलेल्या टिपणात दुसऱ्या कोणाचे देणे असेल, तर आपल्या संकोचापायी त्याचे नुकसान का व्हावे? कुतूहल आणि दुसऱ्याचा न्याय्य हक्क यांत भेद केला पाहिजे. पहिल्यासाठी खूण ओलांडू नये. दुसऱ्यासाठी ओलांडावी, पण गरजेपुरतीच. म्हणून असे ठरले की मालमत्तेशी संबंध नसलेल्या एका माणसाने तिन्ही टिपणे वाचावीत आणि कोणाचे देणेघेणे आहे काय, एवढेच सांगावे. काकूंनी ते काम आमच्याकडे सोपविले.

एका टिपणात देणे निघाले. रक्कम, व्यक्ती व कारण येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. ते फिटले आहे. उरलेल्या दोहोंत कोणाचे देणेघेणे नव्हते. मुलाने नंतर एकदोनदा विचारले, “निदान मजकूर सुखाचा की दुःखाचा एवढे तरी सांगा.” आम्ही तेही सांगितले नाही, कारण तेवढे सांगणे म्हणजे अर्धे वाचून दाखविणेच झाले असते. त्याला वाईट वाटले, हे आम्हांला कळते. वडिलांचा एक कोपरा आपल्याला कायमचा बंद राहणार, हे दुःख लहान नव्हे. पण तो कोपरा वडिलांचा होता.

वाचकांनी यातून दोन व्यावहारिक गोष्टी घ्याव्यात. आपल्या पश्चात कोणती फाईल कोणी उघडावी आणि कोणती न वाचता नष्ट करावी, हे साध्या कागदावर लिहून विश्वासाच्या माणसापाशी द्यावे. देण्याघेण्याची नोंद खाजगी टिपणांत न मिसळता वेगळी ठेवावी. आणि जुन्या यंत्रातून मजकूर काढणाऱ्या तरुणांनी ध्यानात ठेवावे, की टिपणे साध्या मजकुराच्या फाईलमध्ये उतरविताना तो खाजगीपणाचा बिट गळून पडू शकतो आणि तीन झाकलेली पाने शेकडो उघड्या पानांत मिसळून जातात. पुतण्याने ती टिपणे वेगळ्या कप्प्यात ठेवून त्यावर देवनागरीत ‘खाजगी’ असे नाव दिले आहे. पंधरा-वीस वर्षांनी हा साठा आणखी एखाद्या यंत्रात न्यावा लागेल, तेव्हा नेणाऱ्याने तो कप्पा नावासह न्यावा.