खडीसाखरेचा खडा

आजीने ट्रंक उघडली की सगळ्या घरात डांबरगोळ्यांचा वास सुटतो. त्या दिवशीही सुटला, आणि पलंगावर गुडघ्यांत मान घालून बसलेली नात करवादली, "आजी, बंद कर ना ती ट्रंक. आधीच डोकं उठलंय माझं."

डोकं उठायचं कारण ट्रंकेत नव्हतं, तिच्या सॅकमधल्या वहीत होतं. किरणोत्सार ओळखायला काही खास द्रव्यं लागतात. गॅमा किरण आत अडला की ती क्षणभर उजळतात. तो उजेड प्रकाशगुणक नळी टिपते आणि उजेडाच्या मापावरून किरणाची ऊर्जा कळते. असंच एक नवं द्रव्य पोरगी पीएच.डी.साठी बनवत होती. तिची भुकटी अतिनील दिव्याखाली अशी झळाळायची की शेजारच्या लॅबमधली मुलं मुद्दाम बघायला येत. पण गॅमा पातळ थराला दाद देत नाही, बहुतेक वेळा आरपार निघून जातो. म्हणून तिने भुकटी दाबून, भट्टीत भाजून जाड वडी केली. वडी मुकी निघाली. उजेड वाढावा म्हणून तिने सेरियमची चिमूट वाढवली. तीही वडी मुकी. तीन महिन्यांचे असे पडके आकडे वहीत साठले होते आणि दर सोमवारी सरांना ती एवढंच सांगे, "चाललंय सर, होईल."

आजोबांची उभी हयात स्फटिक वाढवण्याच्या भट्टीपुढे गेली. तासाला काही मिलिमीटर, याहून घाई त्यांना जन्मात जमली नाही. जेवायलाही तेवढाच वेळ लागतो, असं आजी म्हणते. त्यांनी वडी हातात घेतली, खिडकीपाशी धरली. खडूसारखी पांढरीफटक.

"तुझा मोबाइल दे. टॉर्च लाव."

स्वयंपाकघरातून ते दोन डबे घेऊन आले. टॉर्चवर कागद ठेवून त्यांनी पिठीसाखरेचा बोटभर ढीग केला. उजेड ढिगाच्या बुडाशीच मेला. मग ढीग पुसून दोऱ्यावरच्या खडीसाखरेचा तेवढ्याच जाडीचा खडा ठेवला. खडा आतून पेटल्यासारखा झाला आणि छतावर त्याचे कवडसे पडले.

"साखर तीच," आजोबा म्हणाले. "भुकटीत कणाकणावर उजेड आपटतो, भरकटतो, शेवटी आतच जिरतो."

"पण आजोबा, झिंक सल्फाइड पण भुकटीच की! त्यावर तर सगळं सुरू झालं."

"झालं ना. १९०३ साली क्रुक्सने त्याच्या पडद्यावर भिंगातून ठिणग्या पाहिल्या. पुढे मँचेस्टरला रुदरफोर्डकडे गायगर आणि मार्सडेन अंधारात बसून त्या मोजायचे. आधी डोळे सरावेपर्यंत नुसतं काळोखात बसून राहायचं! उजेड द्यायला ते द्रव्य कंजूष नाही, पण थर जाड केला की स्वतःचाच उजेड गिळतं. म्हणून राहिलं पातळ पडद्यापुरतं."

मग ते उठले आणि आजीच्या शालूच्या घडीतून एक डांबरगोळी उचलून आणली.

"१९४७. बर्लिन बॉम्बनी पार मोडलेलं. हार्टमुट कालमन नावाचा शास्त्रज्ञ. ज्यू वंशाचा म्हणून १९३३ साली त्याला संस्थेतून काढलेलं, त्या शहरातच कसाबसा जगलेला. त्याने घेतलं हे. नॅफ्थॅलीन. चमकायच्या बाबतीत झिंक सल्फाइडच्या पासंगालाही पुरत नाही."

"आणि ही गोळीही पांढरीच आहे," नात म्हणाली.

"दाबलेली आहे ना, तुझ्या वडीसारखी! वितळवून सावकाश गोठवलं की नितळ होतं. जाड ढेप केली तरी खोलवरचा उजेड वाट काढत बाहेर येतो. मागे प्रकाशगुणक नळी लावली, आणि भिंगाला डोळा लावून बसायचं काम संपलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत हॉफस्टॅडरने सोडियम आयोडाइडमध्ये थॅलियमची चिमूट घातली. ते चमकायलाही जोरदार आणि नितळही. पण दमट हवा लागली की पाणी धरतं. मुंबईच्या पावसाळ्यात काय हाल होतात, ते मला विचार."

नात बराच वेळ खड्याकडे बघत राहिली. "म्हणजे सेरियम वाढवत बसले ते फुकटच."

"उजेड तुझ्याकडे कमी नव्हताच. तुझे सर काय म्हणतात या वड्यांबद्दल?"

तिने उत्तर दिलं नाही. आजोबांनीही पुन्हा विचारलं नाही. ते कागदावरची साखर डब्यात झटकू लागले.

थोड्या वेळाने तिने सॅक ओढली, वही काढली आणि पहिल्या पानापासून एकेका पानाचा फोटो घ्यायला लागली. खाडाखोड केलेली पानंसुद्धा. मग फोन कानाला लावला. "सर, सोमवारपर्यंत थांबत नाही. आकडे वाईट आहेत, पण सगळे पाठवतेय. नाही सर, तीन महिन्यांचे."

"त्या फोनला साखर चिकटलीय," आजी ट्रंकेपाशी उभी राहून म्हणाली. "आणि माझी गोळी कुठंय?"