वाटीतली लाल माती

मामाच्या स्प्लेंडरचा कार्बोरेटर उघडला तेव्हा फ्लोटच्या वाटीच्या तळाशी लालसर, बारीक गाळ होता. चिमूटभरच. मी तो पाहिला आणि जुन्या बनियनच्या चिंधीने पुसून टाकला. पुढे जे लिहिलं आहे ते सगळं त्या पुसण्याबद्दल आहे.

गोष्ट सिरोंच्याची. प्राणहिता आणि गोदावरी जिथे भेटतात तिथलं, गडचिरोली जिल्ह्याचं दक्षिण टोक. इथून आलापल्ली सुमारे १०० किलोमीटर, तीही बरीचशी जंगलातून. नद्यांवर पूल झाल्यापासून सुट्या भागांसाठी लोक पलीकडे तेलंगणात, मंचेरियालला जातात. मराठीत मागायचं की तेलुगूत, हे दुकानदाराचं तोंड बघून ठरतं. गाडी बंद पडणं म्हणजे काय, हे पुण्यात आणि इथे सारखं नसतं. पुण्यात गाडी बंद पडली की रिक्षा मिळते.

मामाची गाडी पावसाळाभर पडवीत उभी होती. दसऱ्याला बाहेर काढली तर चोक ओढला की सुरू, चोक सोडला की बंद. रेस धरून ठेवली तर चालायची. मी सुटीवर आलो होतो, आणि घरातला इंजिनियर म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं. मी संगणकाचा इंजिनियर आहे हे तिथे कोणाला महत्त्वाचं वाटत नाही.

कार्बोरेटरचं निदान मला आवडतं, कारण गाडी कधी रुसते त्यावरून कुठे रुसली ते कळतं. उभ्या गाडीचं इंजिन हळू चालतं ते पायलट जेटच्या जिवावर. अर्धी रेस दिली की सुईचा आणि तिच्या क्लिपचा अंमल. पूर्ण रेसला मेन जेट. चोक हवा अडवतो, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण वाढवतो. चोकवर चालणारी आणि चोक सोडल्यावर मरणारी गाडी सांगत असते की हळू चालताना मला पेट्रोल पुरत नाही. म्हणजे पायलट जेट तुंबला. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतं, त्यामुळे तुंबायला फार काही लागत नाही. तार घालून मात्र साफ करू नये, भोक मोठं होतं आणि मग ती गाडी आयुष्यभर पेट्रोल पिते.

निदान बरोबर होतं. चूक त्यानंतर झाली. मी जेट स्प्रेने साफ केला, फुंकला, उजेडाकडे धरून पाहिला. तिथे थांबून गाडी सुरू करून बघायला हवी होती. पण मी त्याच बैठकीत प्लग बदलला, हवेचा स्क्रू अर्धा आटा फिरवला, आयडलिंगचा स्क्रू थोडा चढवला आणि फ्लोटच्या सुईचं टोक पण घासून पुसून बसवलं. मग किक मारली. गाडी एका किकमध्ये सुरू झाली. मामा म्हणाला, "चालून राहिली ना? मग झालं." मामीने पानं वाढली होती.

बाराव्या दिवशी मामा-मामी आलापल्लीहून परत येत होते. जिमलगट्ट्याच्या अलीकडे, अंधार पडल्यावर, गाडी आधी मिसिंग करू लागली आणि मग बंद पडली. मोबाईलला रेंज नाही. दीड तास दोघं गाडी ढकलत चालले, मग एका टेम्पोवाल्याने गाडी चढवून घेतली. काही झालं नाही. मामाने फोनवर हसतच सांगितलं. मामी फोनवर आली नाही.

१८७७ साली विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं, कितीदा तरी दुरुस्त केलेलं. ते परदेशी वस्तीला निघालेल्या कुटुंबांना घेऊन जाणार असतं. मालकाच्या मनात शंका येते, की एकदा पूर्ण तपासून घ्यावं. मग तो स्वतःची समजूत घालतो: इतक्या सफरी झाल्या, हीही होईल. जहाज बुडतं, तो विम्याचे पैसे घेतो. इथवर सगळे सहमत होतील. पण क्लिफर्ड विचारतो, समजा जहाज बुडलं नसतं तर? त्याचं उत्तर असं की मालकाचा दोष तसूभरही कमी होत नाही. विश्वास खरा ठरला की खोटा हा प्रश्नच नाही. तो ठेवायचा अधिकार त्याने मिळवला होता का, हा प्रश्न आहे. (क्लिफर्ड स्वतः १८७० मध्ये सूर्यग्रहण बघायला जाताना सिसिलीजवळ जहाज फुटून वाचला होता. तो हवेत बोलत नव्हता.)

म्हणजे मामीचं फोनवर न येणं हा पुरावा धरायचा नाही. गाडी त्या रात्री नीट घरी आली असती तरी मी दोषीच होतो. हे मान्य करायला मला वेळ लागला, कारण माझ्या धंद्यात बरोबर उलटं शिकवतात. सर्व्हर अडकला, रीस्टार्ट केला, चालला, तक्रार बंद. कारण सापडलं नाही असं लिहायला लाज वाटते म्हणून 'तात्पुरती अडचण' असं लिहितात. मीही लिहिलंय.

क्लिफर्डवर एक आक्षेप आहे आणि तो लहान नाही. १८९६ मध्ये विल्यम जेम्सने म्हटलं, की काही निर्णय पुरावा पुरा होईपर्यंत थांबू शकत नाहीत, आणि न ठरवणं हेही एक ठरवणंच असतं. खात्री होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर सिरोंच्यातून कोणी आलापल्लीला जाणारच नाही. रस्ता, टायर, नदी, सगळंच अर्ध्या माहितीवर चालतं. मामाला ते माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणूनच मला जेम्सच्या आड लपता येत नाही. अर्धी माहिती मामाकडे असती तर त्याने कदाचित मामीला बसने पाठवलं असतं, किंवा उजेडात निघाला असता, किंवा काहीच बदललं नसतं. तो निर्णय त्याचा होता. "गाळ दिसला, कुठून आला माहीत नाही," एवढं वाक्य मी बोललो असतो तर तो त्याच्याकडे राहिला असता. मी जहाजमालकासारखा पैशासाठी गप्प बसलो नाही. मी जेवायला उशीर नको आणि शाबासकी कमी पडू नये म्हणून गप्प बसलो. क्षुद्र कारण असलं की दोष लहान होतो असं मला आधी वाटायचं.

गाळ टाकीतला होता. अर्ध्या रिकाम्या टाकीत पावसाळाभर दमट हवा, आणि आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की ते वेगळं होऊन तळाशी बसतं. पत्रा तिथेच गंजतो. कॉकची जाळी फाटली होती, गंज थेट वाटीत. मी जेट साफ केला आणि टाकी नवा गंज पाठवत राहिली.

हे शोधलं मी नाही, बसस्टँडकडच्या एका मिस्त्रींनी. त्यांनी कार्बोरेटर उघडला, वाटीतला गाळ वर्तमानपत्राच्या तुकड्यावर उलटा केला आणि मामासमोर ठेवला. ते नेहमीच असं करतात म्हणे: काढलेला भाग, निघालेली घाण, आधी गिऱ्हाइकाला दाखवायची. बरेच मिस्त्री जुना प्लग परत देतात तो मला कंजूष गिऱ्हाइकासाठीचा पुरावा वाटायचा, की बघा, खरंच बदलला. आता वाटतं त्यात त्याहून जास्त आहे. बिघाड कोणाच्या मालकीचा आहे ते त्यात ठरतं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ गेला. आता इंजेक्शन, सेन्सर, आणि बिघाड झाला की मीटरवर पिवळा दिवा. धुरातला ऑक्सिजन मोजून ती यंत्रणा पेट्रोल स्वतःच कमी-जास्त करते. हवा शुद्ध होते, एव्हरेज वाढतं, त्याबद्दल मला तक्रार नाही. पण ती यंत्रणा काही काळ माझ्यासारखंच वागते: टाकीतून कमी येतंय म्हणून गुपचूप भरपाई करते आणि भरपाईची हद्द संपली की मगच दिवा लावते. कार्बोरेटरला भरपाई करता येत नाही. तो लगेच मिसिंग करतो. त्याची स्मरणशक्ती म्हणजे वाटीतला गाळ, आणि ती मी चिंधीने पुसली होती.

दिवाळीला पुन्हा गेलो. टाकी उतरवली, मूठभर नट-बोल्ट आणि थोडं पेट्रोल घालून मामाने आणि मी आळीपाळीने घुसळली. निघालेलं पाणी चहासारखं होतं. नवा कॉक, नळीत पारदर्शक फिल्टर. या वेळी एकेक गोष्ट केली आणि प्रत्येकीनंतर किक मारली. अख्खी दुपार गेली. मामी ओट्यावरून बघत होती. तिनेच विचारलं, "आता झाली का बरोबर?"

मी म्हणालो, टाकी आतून पूर्ण साफ झालेली नाही, गंज येत राहील, फिल्टरवर लक्ष ठेवा, आणि तो लाल झाला तर आलापल्लीला नेऊ नका. तिला हे उत्तर आवडलं नाही. "मग एवढी दुपार काय केलं तुम्ही?" म्हणाली.

तीन आठवड्यांनी मामाने फिल्टरचा फोटो पाठवला. तळाशी लाल रेघ होती, बारीक. खाली लिहिलं होतं, "अजून आहे." मी मंचेरियालच्या दुकानाला नव्या टाकीचा भाव विचारायला फोन लावला.