एकोप्याच्या नावाखाली

जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकांत शुक्रवारी दुपारी तीनला अर्ज माघारीची मुदत संपली आणि संध्याकाळच्या आत गुलाल उधळून झाला. मतदान पंधरा तारखेला होतं. कल्याण-डोंबिवली घ्या, जळगाव घ्या, पनवेल घ्या, साठाहून अधिक जागांवर समोर कोणी उरलंच नाही. राज्य निवडणूक आयोगानं अहवाल मागवले, विरोधक न्यायालयाच्या पायऱ्या चढू लागले आणि तिकडे पेढे वाटून संपलेसुद्धा.

कुस्तीच्या फडात समोरचा गडी उतरलाच नाही तर पंच उभ्या पहिलवानाचा हात वर करतात. नियमच तो. पण असा पहिलवान फेटा बांधून गावभर मिरवत नाही. त्याला लाज वाटते. आपल्याकडे ज्यांना एकाही मतदारानं मत दिलेलं नाही, त्यांच्या मिरवणुका निघतात आणि आपण त्यांना रस्ता करून देतो.

तरी माझा राग मिरवणुकीवर नाही. जिंकलेला माणूस नाचणारच. राग आहे तो त्यानंतर कानावर आलेल्या समर्थनावर. चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, एका निवृत्त अधिकाऱ्याच्या दिवाणखान्यातसुद्धा तेच वाक्य ऐकलं: "बरं झालं, बिनविरोध झालं. भांडणं टळली, खर्च वाचला, एकोपा राहिला." सुशिक्षित, सज्जन, वेळेवर घरपट्टी भरणारी माणसं असं बोलतात. म्हणून या वाक्याचा एकेक तुकडा हातात घेऊन पाहायला हवा.

आधी खर्च. निवडणूक न झाल्यानं पैसे वाचतात, हा प्रयोग महाराष्ट्रानं नुकताच पोटभर करून पाहिला. मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. राज्यघटनेचं कलम २४३-यू सांगतं की नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक व्हायला हवी. ती जवळपास चार वर्षं झाली नाही. मतपेट्या नाहीत, प्रचार नाही, कर्मचाऱ्यांना निवडणुकीची ड्युटी नाही. सगळा खर्च वाचला. त्या काळात मुंबईचा ७४ हजार कोटींहून मोठा अर्थसंकल्प प्रशासकानं मांडला आणि प्रशासकानंच मंजूर केला. सभागृह बंद होतं. माझ्या वस्तीतल्या नळाला पाणी का नाही, हे भर सभेत उभं राहून विचारणारा एकही माणूस या काळात नव्हता. वाचलेले पैसे कुणाच्या खिशात आले असतील तर त्यांनी हात वर करावा. माझ्या तरी आले नाहीत.

गावाकडे हाच हिशेब वेगळ्या भाषेत मांडतात. ग्रामपंचायत बिनविरोध करा, गावाला विकासनिधी देतो, अशा घोषणा आमदारांनी जाहीरपणे केल्या आहेत. शेजारच्या गुजरातमध्ये तर २००१ पासून 'समरस' नावाची सरकारी योजनाच आहे. निवडणूक टाळा, बक्षीस घ्या. सरकारनं आणि लोकप्रतिनिधींनी मतदान न होण्यासाठी पैसे मोजावेत, यातली गैर गोष्ट आपल्याला टोचत नाही इतके आपण सरावलो आहोत. मग पुढचं पाऊल पडणारच. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीआधी नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात पदांसाठी बोली लागली ती दोन कोटींच्या वर गेली. पैसा मंदिरासाठी होता म्हणे. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीतही लिलाव झाला. आयोगानं दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली, हे योग्यच केलं. पण लिलावाला बसलेल्या माणसांनाही आपण गावाचं भलंच करतो आहोत असं वाटत होतं. एकोपा, देवाचं काम आणि वाचलेला खर्च, तिन्ही एकाच पावतीत.

आता भांडणं. हा तुकडा जास्त लबाड आहे, कारण त्यात थोडं खरं आहे. गावात निवडणुकीनं भाऊबंदकी पेटते, एका बांधावरची माणसं वर्षानुवर्षं बोलत नाहीत, हे मीही पाहिलं आहे. म्हणूनच हिवरे बाजारचं उदाहरण नीट पाहावं. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. पाण्याचं, चराईबंदीचं, दारूबंदीचं काम गावानं एकदिलानं केलं आणि तीसेक वर्षं निवडणूक बिनविरोध होत राहिली. बिनविरोधाचं समर्थन करायला याहून चांगलं गाव महाराष्ट्रात सापडणार नाही. तिथेही २०२१ मध्ये काहीजणांनी अर्ज भरले. लोक हळहळले, आता गावाची घडी मोडणार म्हणाले. मतदान झालं, पोपटरावांच्या पॅनेलनं सातच्या सात जागा जिंकल्या. बंधारे फुटले नाहीत, विहिरी आटल्या नाहीत. इतकी वर्षं जो विश्वास सगळे गृहीत धरत होते, तो मोजून सिद्ध झाला. ज्याचं काम चोख आहे त्याला मतपेटीची भीती नसते. ज्याला ती आहे, त्याच्याच तोंडी एकोप्याची भाषा जास्त असते.

आणि हा एकोपा ठरतो कुठे? देवळाच्या सभामंडपात किंवा पुढाऱ्याच्या बंगल्यावर. सतरंजीवर कोण बसलेलं असतं ते एकदा डोळे उघडून पाहा. बायका नसतात. असल्याच तर चहा देण्यापुरत्या. गावाच्या कडेच्या वस्तीतलं माणूस आलंच तर दाराशी उभं असतं. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांच्या, असा कायदा या राज्यानं २०११ मध्ये केला. त्या निम्म्या जागांवर कोण बसणार हेही त्या सतरंजीवरचे पुरुषच ठरवतात. मतदान केंद्रात मात्र बाईच्या बोटाला तीच शाई लागते जी पाटलाच्या बोटाला लागते, आणि पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती एकटी असते. नवरा, दीर, सासरा, सगळे बाहेर. तिचं मत तिलाच ठाऊक. आयुष्यातली अशी जागा आपण सामंजस्य म्हणून काढून घेतो.

त्या आठवड्यात एका निवडणूक कार्यालयाच्या व्हरांड्यात बराच वेळ उभा होतो. माघारीचा शेवटचा तास. तिशीतली एक बाई आली, हातात प्लॅस्टिकची फाइल. जात प्रमाणपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, शपथपत्र, निवडणूक खर्चासाठी नव्यानं उघडलेल्या खात्याचं पासबुक, सगळं क्रमानं लावलेलं. प्रत्येक कागदावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात आकडा. हे कागद गोळा करायला किती खेटे घालावे लागतात ते ज्यानं केलं आहे त्यालाच माहीत. सोबत दीर होता, फोनवर बोलत होता. मागे दोन माणसं, शांत, हसतमुख. कुणी दमदाटी केली नाही. एकजण एवढंच म्हणाला, "वहिनी, दादांनी साहेबांना शब्द दिलाय." तिनं कारकुनाला विचारलं, अनामत परत मिळते का. मिळते म्हणाला. तिनं सही केली. फाइल पुन्हा पिशवीत घातली, पिशवीचं तोंड घट्ट बांधलं आणि दिराच्या मागे जिना उतरून गेली.

तिच्या प्रभागातल्या हजारो मतदारांनी तिला निवडलं असतं की नाही, मला माहीत नाही. त्यांनाही आता कधी कळणार नाही. शब्द दादांनी दिला, साहेबांनी घेतला, आणि ज्यांचा हक्क होता त्यांना कोणी विचारलं नाही. चार सदस्यांच्या प्रभागात एक जागा अशी गेली की मतदाराच्या वाट्याला चारऐवजी तीनच मतं उरतात. 'नोटा'सुद्धा जातो. 'वरीलपैकी कोणीही नाही' याला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची, असा आदेश याच आयोगानं नोव्हेंबर २०१८ मध्ये काढला होता. पण मतदानच नाही म्हटल्यावर नाही म्हणण्याचीही सोय नाही. एकच उमेदवार उरला तरी यंत्रावर तो आणि 'नोटा' असे दोघं असलेच पाहिजेत, असा नियम व्हायला हवा. त्यात एवढं अवघड काय आहे, ते मला कोणी समजावून सांगावं.

राज्यभरातल्या २,८६९ जागांत साठ-सत्तरचं काय घेऊन बसलात, असं कोणी म्हणेल. ज्याच्या घरचं मत गेलं त्याला हे प्रमाण सांगून पाहा.

म्हणून मला पडणाऱ्या उमेदवाराबद्दल मनापासून आदर आहे. पडणार हे ठाऊक असून जो अर्ज भरतो, दारोदार जातो, अनामत गमावतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर होतो, त्याची आपण टिंगल करतो. वास्तविक त्याच्यामुळे तुमच्या मताला किंमत आली. तो उभा राहिला नसता तर तुम्हाला निवडायला काही उरलंच नसतं. माझ्या लेखी उभं राहणं आणि मत देणं ही दोन वेगळी कर्तव्यं नाहीत. एकानं केलं तर दुसऱ्याला करता येतं.

विरोधाचं एक मत काय करतं, हे पुण्याला तरी सांगायची गरज पडू नये. १८७६ ते १८८२ या काळात जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा विषय आला. सगळी सभा एका बाजूला, जोतीराव एकटे दुसऱ्या बाजूला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी त्या सभागृहातला एकोपा भंगला. बरं झालं भंगला. साहेबांच्या स्वागतावर लोकांचा पैसा उधळण्याची खोड मात्र आपल्या संस्थांना आजही आहे, आणि एकट्यानं उठून नाही म्हणणारे कमी झाले आहेत.

आता प्रत्येकानं उठून उमेदवारी अर्ज भरावा असं माझं म्हणणं नाही. घरात अंथरुणाला खिळलेले आईवडील आहेत, महिन्याच्या पगारावर हप्ते चालतात, त्या माणसाला मी कोणत्या तोंडानं सांगू? खर्चाची मर्यादाच मोठ्या शहरांत पंधरा लाखांवर नेऊन ठेवली आहे. सामान्य माणसाला तो आकडा ऐकूनच धडकी भरते. दमदाटी होते तिथे एकट्यादुकट्यानं छातीचा कोट करावा, असा उपदेश मी घरात बसून करणार नाही. पण त्याअलीकडे पुष्कळ काही आहे. उभ्या राहणाऱ्याचा सूचक व्हा. अर्जावर तुमचं नाव आणि सही द्या. त्याच्या बाजूनं मतदान केंद्रावर प्रतिनिधी म्हणून दिवसभर बसा. माघारीच्या दिवशी त्याच्या सोबत राहा, म्हणजे त्याच्या मागे उभी राहणारी माणसं फक्त साहेबांची नसतील. त्या बाईच्या शेजारी वस्तीतल्या दहाजणी उभ्या असत्या तर कदाचित ती सही झाली नसती. कदाचित झालीही असती. पण सोपी गेली नसती.

बाकीच्या सबबींवर आज जागा घालवत नाही. सगळे सारखेच असतात, माझ्या एका मतानं काय होतं, यादीत नाव सापडत नाही. यादीत नाव शोधायला मतदानाच्या सकाळी निघालात तर सापडणार नाहीच. आणि बुधवारी संक्रांत, गुरुवारी मतदानाची सुट्टी, शुक्रवारची रजा टाकली की थेट रविवारपर्यंत मोकळे, म्हणून महाबळेश्वरचं बुकिंग करणाऱ्यांशी मी गेली कित्येक वर्षं भांडतो आहे. सुट्टी मतदानासाठी दिलेली आहे. मत देऊन दुपारी निघा, डोंगर जागेवरच असतात.

फ्लेक्सबद्दल मी या स्तंभात नेहमी लिहितो, म्हणून एक शेवटचं. बिनविरोध झालेल्यांच्या अभिनंदनाचे फलक तेव्हा चौकाचौकांत लागले आणि त्यांच्या खाली आपल्यातल्याच 'मित्रपरिवारा'चे फोटो होते. महापालिकेच्या निवडणुकीत उभं राहायला खुल्या जागेवर पाच हजार रुपये अनामत लागते, राखीव जागेवर अडीच हजार. ग्रामपंचायतीला पाचशे. ज्या वस्तीत दुसऱ्याच्या अभिनंदनासाठी वर्गणी जमते, त्या वस्तीत एका उमेदवाराची अनामत जमू शकत नाही, हे मी मान्य करणार नाही. पैशांचा प्रश्न नाही. साहेबांची नाराजी ओढवून घ्यायची आपली तयारी नाही, एवढं सरळ सांगा आणि एकोप्याचं नाव घेऊ नका.