जीर्ण वाहन आणि गृहस्थाचा विवेक

मनुष्याच्या विवेकाची परीक्षा केवळ मोठ्या प्रसंगीच होते असे नाही. पुष्कळदा ती घरातील अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नांत होत असते. फुटके भांडे सांधावे की मोडीत घालावे, गळके छप्पर शाकारावे की नवे घालावे, जुनी मोटारगाडी दुरुस्त करावी की ती काढून टाकून दुसरी घ्यावी, हे प्रश्न वरवर पाहता पैशाचे दिसतात. परंतु त्यांचे उत्तर शोधू लागल्यावर ध्यानात येते की, पैसा हे त्यांचे बाहेरचे कवच आहे. आत मोह आहे, अभिमान आहे, भय आहे, लोकलज्जा आहे. आणि या सर्वांच्या गर्दीत कोठेतरी कर्तव्यही उभे आहे. त्याला ओळखून पुढे आणणे हेच विवेकाचे काम होय.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक जबलपूर जिल्ह्यातील सिहोरा या गावी राहतात. घराणे मूळचे वऱ्हाडातील. आजोबा नोकरीच्या निमित्ताने तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. सिहोरा हे जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या महामार्गावरील तालुक्याचे गाव आहे. जबलपूर तेथून सुमारे चाळीस किलोमीटर. या तालुक्यात लोहखनिजाच्या खाणी आहेत. ज्या लोखंडाच्या गाड्या बनतात ते मातीतून कसे निघते, हे तेथील माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

या गृहस्थांनी बऱ्याच वर्षांपूर्वी एक लहान मोटारगाडी जुन्यातच विकत घेतली होती. मुलीची पाठवणी त्याच गाडीतून झाली. मुलगा शिक्षणासाठी बाहेरगावी गेला तो त्याच गाडीतून स्टेशनवर गेला. पुढे पत्नीला आजार जडला आणि दर पंधरवड्याला तिला जबलपूरच्या रुग्णालयात नेण्याचा क्रम सुरू झाला. गाडीही म्हातारी होत चालली होती. आज क्लच, उद्या रेडिएटर, परवा बॅटरी असे चालू होते. शेवटी इंजिन तेल खाऊ लागले. एका रात्री जबलपूरहून परतताना ती महामार्गाच्या कडेला बंद पडली. पत्नी मागच्या आसनावर शाल पांघरून निमूट बसून राहिली. बाजूने मालमोटारी धडधडत जात होत्या. मदत मिळून घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटली. तिने तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. गृहस्थ म्हणतात, तेच मला अधिक लागले.

मिस्त्रीने गाडी पाहून सांगितले, "मास्टरसाहेब, इंजिन खोलावे लागेल." खर्चाचा जो आकडा त्याने सांगितला तो गाडीला बाजारात येणाऱ्या किमतीपेक्षाही अधिक होता. मुलाला पुण्यात हे कळताच त्याने फोनवर म्हटले, "बाबा, आता ती गाडी काढून टाका. नवी घेऊ, हप्ते मी भरीन." शेजारी म्हणाले, "वरवर रंग मारून एखाद्या खेड्यातल्या माणसाला देऊन टाका. त्याला काय कळणार?" आणि गृहस्थांचे स्वतःचे मन म्हणत होते, "गेल्या तीन वर्षांत हिच्यावर इतका पैसा घातला, तो काय पाण्यात टाकायचा? आणखी एकदा दुरुस्त करू."

या तीन सल्ल्यांपैकी कोणता मानावा? वाचकांपैकी अनेकांच्या घरी हाच प्रश्न या ना त्या रूपाने आलेला असेल, म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करू.

जीर्ण वस्तूविषयी आपल्या परंपरेत दोन शिकवणी आहेत आणि त्या प्रथमदर्शनी एकमेकींच्या विरुद्ध भासतात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देहाला जीर्ण वस्त्राची उपमा दिली आहे. वस्त्र जीर्ण झाले की मनुष्य ते टाकतो आणि दुसरे धारण करतो. त्यात शोक करण्यासारखे काही नाही. याच्या उलट 'जीर्णोद्धार' हा शब्दही आपलाच आहे, आणि तो पुण्यकर्माचा वाचक आहे. अहिल्याबाई होळकरांनी इ. स. १७८० च्या सुमारास काशीविश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे केले. देशभर कितीतरी घाट, विहिरी आणि धर्मशाळा त्यांनी बांधल्या आणि सावरल्या. त्यांना कोणी असे म्हटले नाही की, जीर्ण झाले ते जाऊ द्यावे.

मग जीर्ण ते टाकावे की उद्धरावे? थोडा विचार केला तर विरोध मावळतो. दोन्ही ठिकाणी दृष्टी वस्तूवर नाही, वस्तूच्या प्रयोजनावर आहे. वस्त्राचे प्रयोजन अंग झाकणे. ते ज्याने साधत नाही त्याला कवटाळून बसणे व्यर्थ आहे. घाटाचे प्रयोजन लोकांना पाण्यापर्यंत नेणे. चार दगड बसविल्याने ते पुन्हा साधत असेल तर घाट टाकून देणे हा अपराध आहे. शिवाय 'जुने' आणि 'जीर्ण' हे शब्द एकच नव्हेत. दहा वर्षांची पण सांगाडा धड असलेली गाडी जुनी असेल, जीर्ण नव्हे. तिची बॅटरी गेली, ब्रेकचे पट्टे झिजले, म्हणून तिला निकामी ठरविणारा मनुष्य स्वतःच्या कंटाळ्याला जीर्णतेचे नाव देत असतो. आणि हेही विसरू नये की, देहाला वस्त्राची उपमा देणाऱ्या आपल्याच परंपरेने आयुर्वेदही दिला. ताप आला म्हणून कोणी देह टाकीत नाही.

येथे मनाच्या दोन लबाड्या ओळखल्या पाहिजेत. पहिली नव्याच्या मोहाची. शेजाऱ्याच्या दारी चकचकीत गाडी उभी राहिली की आपल्या गाडीचा आवाज एकाएकी मोठा वाटू लागतो. लग्नकार्य जवळ आले की व्याह्यांपुढे जुन्या गाडीतून उतरण्याची लाज वाटते. मग दुरुस्तीचा खर्च फुगवून सांगितला जातो आणि पाच-सात वर्षांच्या हप्त्यांचे जोखड हसतमुखाने मानेवर घेतले जाते. नवी गाडी दारात येताच तिची किंमत घसरू लागते. विम्याचा हप्ताही मोठा असतो. याचा हिशेब त्या घाईत कोणी करीत नाही.

दुसरी लबाडी अधिक सूक्ष्म आहे, कारण ती काटकसरीचा वेष घेऊन येते. "इतका पैसा घातला, तो वाया कसा जाऊ द्यायचा?" हे तिचे वाक्य. परंतु खर्च झालेला पैसा गाडी ठेवली तरी परत येत नाही आणि काढली तरी परत येत नाही. निर्णय करावयाचा तो पुढच्या खर्चाचा. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या बाजारभावापेक्षा अधिक आहे, एवढ्यावरूनही काही सिद्ध होत नाही. कारण तेवढ्या खर्चात आणखी चार वर्षे निर्धास्त चालणारी गाडी मिळत असेल तर तो सौदा वाईट नाही. खरा प्रश्न असा की, हे इंजिन नीट केल्यावर पुढची तीन-चार वर्षे या गाडीवर एकंदर काय खर्च येईल, तेवढ्याच काळात दुसऱ्या गाडीवर काय येईल, आणि ज्या कामासाठी गाडी हवी ते काम कोणती अधिक भरवशाने करील. झालेल्या गोष्टीवरील आसक्ती सोडून समोरच्या कर्माकडे पाहणे, ही शिकवण हिशेबाच्या वहीलाही लागू पडते.

कायदाही या प्रश्नात आपले म्हणणे मांडतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. पंधरा वर्षांवरील मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर नेण्यात आले. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या धोरणानुसार अधिकृत केंद्रात गाडी मोडीत दिल्यास तसे प्रमाणपत्र मिळते, आणि त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत देण्याची तरतूद आहे. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनी गाड्यांनी अनेक दशके त्या शहराची ने-आण केली. त्यांपैकी शेवटच्या टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती, आणि वीस वर्षे पुरी होताच ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस त्या रस्त्यावरून निवृत्त झाल्या. लोकांना हळहळ वाटली, आणि ती स्वाभाविक होती. परंतु कृतज्ञता निराळी आणि आग्रह निराळा. जिने सेवा केली तिच्याविषयी कृतज्ञ असावे. तिने अखंड सेवा करीतच राहावे हा हट्ट धरू नये.

तथापि कायद्याची मुदत ही खालची पायरी आहे. नोंदणी शिल्लक आहे म्हणून गाडी रस्त्यावर नेण्याचा अधिकार मिळतो. नेणे योग्य आहे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे लागते. मोटारगाडी ही घरातील इतर वस्तूंसारखी नाही. फाटकी चादर पांघरणाऱ्यालाच थंडी वाजते. परंतु निकामी ब्रेकची गाडी रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा प्राण घेते. म्हणून तिच्या बाबतीत "माझी वस्तू, माझी मर्जी" हे म्हणणे टिकत नाही. जी दुरुस्ती ब्रेक, सुकाणू, चाके आणि सांगाडा यांची आहे ती टाळणे ही काटकसर नव्हे. ती हिंसेची तयारी होय, मग ती नकळत का होईना.

आता आपल्या गृहस्थांकडे वळू. त्यांनी मिस्त्रीला एकच प्रश्न विचारला, "ही तुमची गाडी असती आणि हिच्यातून तुमच्या आईला जबलपूरला न्यायचे असते, तर तुम्ही काय केले असते?" मिस्त्री क्षणभर थांबला. मग त्याने गाडी वर उचलून त्यांना खाली वाकायला लावले आणि बॅटरीच्या उजेडात तळचा पत्रा दाखविला. गंजाने तो जागोजागी पोखरला होता. स्क्रूड्रायव्हर टेकवताच आत जात होता. "इंजिन मी नवे करून देईन, मास्टरसाहेब," तो म्हणाला, "पण हे कशाला बसवायचे, ते तुम्ही सांगा." इंजिनाच्या कामात त्याची मजुरी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या या सचोटीचे मोल कळते.

गृहस्थ त्या रात्री बराच वेळ जागे होते. ते मला म्हणाले, "मी स्वतःला काटकसरी समजत होतो. त्या रात्री मला उमगले की, मला मुलाचे पैसे घ्यायचे नव्हते, म्हणून मी गाडीला चांगली म्हणत होतो. माझा अभिमान राखण्यासाठी मी आजारी बायकोला महामार्गावर बसविली." आपल्या दोषाचे इतके स्पष्ट दर्शन होणे हीही एक कृपाच म्हटली पाहिजे.

महाभारतात शल्यपर्वात एक प्रसंग आहे. युद्ध संपल्यावर भगवान श्रीकृष्ण अर्जुनाला गांडीव आणि भाते घेऊन आधी खाली उतरावयास सांगतात आणि मग स्वतः उतरतात. त्यांनी पाय खाली ठेवताच तो दिव्य रथ पेटून भस्म होतो. चकित झालेल्या अर्जुनाला ते सांगतात की, द्रोण आणि कर्ण यांच्या अस्त्रांनी हा रथ पूर्वीच दग्ध झाला होता. कार्य व्हावयाचे होते तोवर तो माझ्या बसण्याने टिकला. अर्जुन त्या राखेपाशी रडत बसला नाही आणि दुसऱ्या क्षणी नव्या रथाच्या मागेही धावला नाही. रथ कार्यासाठी होता. कार्य झाले, रथ गेला. आपल्या साध्या वाहनांकडेही याच दृष्टीने पाहता आले तर किती ओझे हलके होईल!

गृहस्थांनी गाडी काढण्याचे ठरविले. परंतु मुलाने सुचविलेली कोरी मोठी गाडी घेतली नाही. त्याच्याकडून थोडे साहाय्य आनंदाने घेतले, थोडी आपली शिल्लक घातली, आणि मिस्त्रीकडून नीट पारखून एक कमी वापरलेली लहान गाडी घेतली. हप्ता नाही, दिखावा नाही, आणि पत्नीच्या प्रवासाची चिंता नाही.

खरी कसोटी मात्र पुढेच होती. जुन्या गाडीला एक गिऱ्हाईक आले. जवळच्या खेड्यातून मुलांना शाळेत पोहोचविण्यासाठी त्याला गाडी हवी होती, आणि मोडीच्या भावापेक्षा पुष्कळ अधिक द्यावयास तो तयार होता. शेजाऱ्यांनी खूण केली की, गप्प राहा. गृहस्थांनी त्याला हात धरून खाली वाकविले आणि मिस्त्रीने आपल्याला दाखविला होता तोच पत्रा दाखविला. गिऱ्हाईक निघून गेले. गाडी मोडीत गेली आणि पैसे थोडेच आले.

विकणाऱ्याला दोष ठाऊक असून तो लपविणे याला बाजारात चातुर्य म्हणतात. धर्मात त्याला असत्यच म्हणतात. आपल्या पत्नीसाठी जी गाडी असुरक्षित, ती दुसऱ्याच्या लेकरांसाठी सुरक्षित कशी होईल? सर्वांच्या ठायी आपल्यासारखेच सुखदुःख पाहावे, हे आपण नित्य ऐकतो आणि मान डोलावतो. ते आचरणात आणण्याची संधी कधीकधी अशी गंजलेल्या पत्र्याच्या रूपाने येते.

तात्पर्य, असा प्रश्न घरी उपस्थित झाला असता गृहस्थाने शांतपणे बसून स्वतःला काही गोष्टी विचाराव्या. हे वाहन कोणत्या कर्तव्यासाठी आहे, आणि दुरुस्तीने ते कर्तव्य भरवशाने पार पडेल काय? नवे घेण्याची इच्छा गरजेतून आली की तुलनेतून? जुने ठेवण्याचा आग्रह संयमातून आला की अभिमानातून? या निर्णयाचे कर्ज उद्या कोणाच्या मानेवर बसेल? आणि जे मी टाकीत आहे त्याचा दोष दुसऱ्याच्या गळ्यात तर बांधीत नाही ना? दुरुस्ती हेच उत्तर आले तर मन लावून दुरुस्ती करावी आणि लोकांच्या हसण्याकडे लक्ष देऊ नये. त्याग हे उत्तर आले तर कृतज्ञतेने त्याग करावा आणि मागे वळून पाहू नये.

गाडी मोडीत जाण्यापूर्वी त्या माउलीने तिच्यापुढे उदबत्ती लावून नारळ वाढविला, आणि नारळाचा पहिला तुकडा मिस्त्रीच्या हातावर ठेवला.